ऋतुजाची तिसरी श्रेणी

माझी मुलगी ऋतुजा हिचं नाव १९९७ सालच्या ऑगस्टमध्ये तालुक्यातल्या कुपोषित बालकांच्या यादीत लागलं, तेव्हा माझं स्वतःचं वजन एक्याऐंशी किलो होतं. हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे ज्याला ज्याला ही हकिगत कळली, त्याने प्रथम माझ्या पोटाकडे पाहिलं आणि मग माझ्या तोंडाकडे.

त्यातून आम्ही टिपणीस. कायस्थांच्या घरात माणूस गणितात नापास झालेला चालतो, नोकरीत मागे राहिलेला चालतो, पण तो नीट जेवत नाही असं कुणी म्हटलेलं चालत नाही. आमच्याकडे नातेवाईक आजारी माणसाला भेटायला येतात तेसुद्धा 'काल काय खाल्लं' एवढंच विचारतात आणि उत्तर समाधानकारक असेल तर डॉक्टरांचं नावही न काढता निघून जातात. अशा घराण्यातलं मूल सरकारी कागदावर उपाशी ठरलं.

ऋतुजाला अंगणवाडीत घालायचं मी ठरवलं होतं, हेही कबूल करतो. पण मी तिथपर्यंत क्रमाने पोचलो. पहिला मान हायवेच्या बाजूला नव्याने निघालेल्या इंग्रजी शाळेचा. तिथे मुलाखत होती. बाईंनी ऋतुजापुढे एक सफरचंद ठेवलं आणि 'व्हॉट इज धिस' असं विचारलं. ऋतुजाने ते हातात घेतलं, नखाने खरवडलं आणि 'प्लॅस्टिक' असं सांगितलं. माझ्या मते हे उत्तर बरोबर होतं आणि इंग्रजीतही होतं. पण मूल अजून शाळेसाठी तयार नाही, असं आम्हाला कळवण्यात आलं.

दुसरी पेण गावातली महिला मंडळाची बालवाडी. तिथल्या बाई फार सज्जन होत्या, पण त्यांचा नियम एक जूनला तीन वर्षं पूर्ण असा होता आणि ऋतुजाचा जन्म तीन जूनचा. दोन दिवसांसाठी मी बरंच बोललो. आमच्या शेजारी हैबतराव राहतात, महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या कानावर मी ही तक्रार घातली तेव्हा त्यांनी शांतपणे मत दिलं, की याचा विचार तुम्ही त्र्याण्णव सालीच करायला हवा होता.

राहिली अंगणवाडी. आमची सोसायटी नगरपालिकेच्या हद्दीबाहेर दोनशे पावलांवर आहे. पालिकेचं पाणी त्या दोनशे पावलांच्या अलीकडे थांबतं, दिवेही थांबतात. अंगणवाडी मात्र खेड्यांसाठी असल्यामुळे आम्हाला मिळते. सोसायटीच्या मागे पुंडलिकचा गणपतीचा कारखाना आहे, त्याच्या पत्र्याच्या शेडचा एक कोपरा अंगणवाडीसाठी घेतलेला. पलीकडे खाडीकडे मिठागरात काम करणाऱ्यांची वस्ती. त्यांची मुलं, आमच्या खालच्या मजल्यावरच्या लतीफभाईंची माहिरा आणि आता ऋतुजा, अशी चौतीस मुलं त्या कोपऱ्यात न रंगवलेल्या पांढऱ्या गणपतींच्या रांगेशेजारी बसायची. शिकवायला गिरजाबाई म्हात्रे, शिजवायला ठमाबाई.

पहिल्याच दिवशी ऋतुजा घरी आली ती सोंडेचे उजवे-डावे प्रकार शिकून. मला शाळा आवडली.

जुलैच्या एक तारखेला वजनं झाली. शेडच्या आडव्या पाइपला एक लटकता काटा बांधलेला होता. त्याच्या आकड्याला कापडी झोळी आणि झोळीत मूल. झोळीतून पाय बाहेर काढून मुलं लोंबकळत राहायची आणि हसायची. ऋतुजाचं वजन साडेआठ किलो भरलं. गिरजाबाईंनी रंगीत तक्त्यावर बोट फिरवलं, आणि बाजारात भेंडीचा भाव सांगावा तशा आवाजात सांगितलं, "तिसरी श्रेणी."

मला वाटलं, पहिल्याच महिन्यात तिसरा नंबर आला. मी घरी येऊन तसं सांगितलंही. बायकोने, म्हणजे मालतीने, त्या दिवशी शिरा केला.

खुलासा पुढच्या आठवड्यात हैबतरावांनी केला. अंगणवाडीतल्या श्रेण्या उलट्या चालतात. पहिलीपेक्षा दुसरी वाईट, दुसरीपेक्षा तिसरी, आणि चौथी म्हणजे थेट दवाखाना. तिसऱ्या श्रेणीच्या मुलाला आहार दुप्पट मिळतो आणि त्याचं नाव वर जातं. 'वर म्हणजे कुठे' असं मी विचारलं. हैबतरावांनी आधी पेणच्या दिशेला, मग अलिबागच्या दिशेला हात केला, आणि मग आढ्याकडे पाहिलं.

मालतीने शिऱ्याचं पातेलं घासायला घेतलं ते बराच वेळ घासत होती.

श्रावण लागला आणि अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या मुख्यसेविका आमच्या घरी आल्या. तिसऱ्या श्रेणीच्या मुलाच्या घरी भेट द्यायची असते. त्यांच्याकडे एक छापील फॉर्म होता. त्यात वडिलांचा व्यवसाय या रकान्यात शेतमजूर, मिठागर कामगार, मच्छीमार आणि इतर असे चार पर्याय होते. मी रोह्याजवळ धाटावला एका रासायनिक कंपनीत आस्थापना विभागात आहे, रोज दिव्याहून येणाऱ्या गाडीने पेणहून रोह्याला जातो, टंकलेखनात माझा वेग चांगला समजला जातो, असं सगळं मी सांगितलं. त्यांनी इतरवर बरोबरची खूण केली.

मग त्या स्वयंपाकघरात गेल्या. आमच्याकडे श्रावण पाळतात, त्यामुळे त्या दिवशी वालाचं बिरडं होतं. झाकण काढून त्यांनी विचारलं, मासे-अंडी काही देता का मुलीला? मालती म्हणाली, सध्या नाही. त्यांनी लिहून घेतलं, मांसाहार नाही. मालती म्हणाली, अहो, श्रावण आहे, वर्षातले उरलेले अकरा महिने या घरात दुसरं काही नसतं. पण अकरा महिन्यांसाठी फॉर्मवर जागा नव्हती. जाताना त्यांनी मालतीला डाळ-तांदळाची खिचडी कशी करायची ते समजावून सांगितलं. डाळ आधी धुवायची, हे दोनदा सांगितलं.

माझ्या लग्नाला तेव्हा सात वर्षं झाली होती. मालती चिडली की बोलते, हे मला माहीत होतं. ती चिडली आणि बोलली नाही, असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं. ते दोन दिवस चाललं.

यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली. त्यानंतर शेजारधर्माला जो ऊत आला तो अजून आठवतो. लतीफभाई दहा वर्षं कुवेतला होते. ते परदेशी दुधाच्या पावडरीचा मोठा डबा घेऊन आले आणि टेबलावर ठेवून गेले. त्यांच्या साबिराभाभींनी खजूर पाठवले. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी पोह्याचे पापड दिले, तळून नको, भाजून दे, अशा सूचनेसह. एकाने नागली सांगितली, एकाने कॉडलिव्हर तेल. एका गृहस्थाने मला जिन्यात बाजूला घेऊन, काही अडचण असेल तर मोकळेपणाने बोला, असं सांगितलं. मी मोकळेपणाने सांगितलं की अडचण काट्यात असणार. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. अशा वेळी माणूस असंच बोलतो, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

आणि ज्या मुलीसाठी हे सगळं चाललं होतं ती घरचं काहीच खाईना. कारण तिला अंगणवाडीत दुप्पट सुकडी मिळत होती. भाजलेलं पीठ, गूळ आणि थोडं तेल, एवढाच तो प्रकार. दोन वाट्या सुकडी खाऊन ती घरी यायची आणि बिरड्याकडे बघून, ठमाबाईसारखं कर ना, असं आईला सांगायची. मालतीने एकदा लपून सुकडी करून पाहिली. ऋतुजा म्हणाली, जमलं नाही.

हैबतरावांच्या मते उपाय एकच होता, अर्ज. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या हाताला अर्जाचं काम नव्हतं आणि त्यामुळे त्यांची तब्येत बरी नव्हती. माझा अर्ज लिहायला बसले तेव्हा त्यांच्या गालांवर रंग आला. 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हे सधन असून' अशी सुरुवात होती. नाव वगळावं, ही मागणी. पेणच्या बालविकास कार्यालयाकडून पंधरा दिवसांत उत्तर आलं. यादीतून नाव वगळण्याची तरतूद नाही. बालकाची श्रेणी सुधारल्यास ते आपोआप दुसऱ्या यादीत जाईल. सधन असल्याबद्दलचा आपला मजकूर नोंदीस घेतला आहे.

तेवढ्यात आमच्या कंपनीला समाजकार्याची इच्छा झाली. पेण तालुक्यातल्या चाळीस कुपोषित मुलांना शेंगदाणे, चणे आणि गूळ यांचं एकेक पाकीट द्यायचं ठरलं. यादी कार्यालयाकडून हाताने लिहून आली आणि टाईप करायला माझ्याकडे. सव्विसाव्या ओळीवर ऋतुजा दत्तात्रेय टिपणीस. मी ती ओळ टाईप केली. स्पेलिंग तपासलं. साहेबांनी यादीवर सही करताना पेन थांबवलं आणि, हे तुमच्या नात्यातले कुणी का, असं विचारलं.

"लांबचे," मी म्हटलं.

त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली होती. नागोठणे गेलं, कासू गेलं. मी बाहेर बघत बसलो होतो. स्वतःच्या मुलीला मी लांबची केली होती, आणि ती घरी माझी वाट बघत दारात उभी असणार होती. होतीच उभी. हातात शेंगदाण्यांचं पाकीट होतं. कंपनीचा शिपाई दुपारी देऊन गेला होता, आणि त्याने मालतीची सही घेतली होती.

भाद्रपदात गणपती आले. आमची मूर्ती दरवर्षी पुंडलिककडची, सव्वा फुटाची. मी पाटावर घेतो, डोक्यावर टोपी असते, ऋतुजा पुढे घंटा वाजवते. अंतर दीडशे पावलं. त्या वर्षी पन्नासाव्या पावलाला माझे हात थरथरायला लागले. गणपती वाटेत खाली टेकवत नाहीत. मी हैबतरावांना हाक मारली. त्यांनी एका बाजूने धरलं आणि लगेच लतीफभाईंना हाक मारली. असे आम्ही तिघे, सव्वा फुटाचा गणपती घेऊन, खडकाळ चढावर तोफ न्यावी तसे जिन्यापर्यंत पोचलो. मखराच्या फळीने रात्रीत वाक घेतला. मी खालून विटा लावल्या.

विसर्जनानंतर मी पुंडलिकला विचारलं. तो आधीच वैतागलेला होता. म्हणाला, या साली सगळीच गिऱ्हाइकं हेच सांगतात, मुंबईच्या व्यापाऱ्याच्या टेम्पोचे पाटे बसले, आणि मी तर प्लास्टर दरवर्षीच्या मापानेच घातलंय, दहा किलो म्हणजे दहा किलो, काट्यावर मोजून.

मी विचारलं, कुठल्या काट्यावर?

त्याने मान वर केली आणि शेडच्या पाइपकडे पाहिलं. माझा तराजू मोडला होता, तो म्हणाला, हा रोज इथेच लटकलेला असतो, पोरांना लागतो महिन्यातून एकदा.

मी स्टूल घेऊन वर चढलो. काट्याच्या स्प्रिंगमध्ये प्लास्टर गेलं होतं, पावसाळी हवेत ओलं झालं होतं आणि घट्ट बसलं होतं. काटा अडीच किलो कमी दाखवत होता. म्हणून दहा किलो समजून पुंडलिक साडेबारा किलो घालत होता. गणपती जड होत होते आणि मुलं हलकी.

मी ऋतुजाला घेऊन थेट बाजारातल्या पोह्याच्या भट्टीवर गेलो. तिथे मोठा तराजू असतो. एका पारड्यात ऋतुजा, दुसऱ्यात लोखंडी वजनं. सव्वाअकरा किलो. भट्टीवाल्याने तिला बशीभर गरम पोहे दिले, आणि मी त्याच्याकडून सव्वाअकरा किलोची लेखी पावती घेतली. वस्तू या रकान्यात त्याने 'मुलगी' असं लिहिलं.

तो माझ्या आयुष्यातला चांगला दिवस होता. हैबतरावांनी तासाभरात दुसरा अर्ज लिहिला. काट्यात दोष, यादी चुकीची, सर्व बालकांचं फेरवजन व्हावं, पाच ठिकाणी प्रती. मी तो त्याच दिवशी रजिस्टरने पाठवला. घरी सांगितलं. मालती दोन महिन्यांनी हसली. सगळं झाल्यावर, दुसऱ्या दिवशी, रजा होती म्हणून मी गिरजाबाईंना ही आनंदाची बातमी द्यायला गेलो.

गिरजाबाई पाटीवर कमळ काढत होत्या. माझं सगळं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं. मग खडू खाली ठेवला.

"काटा बिघडलाय ते मला जूनपासनं म्हायती हाय, भाऊ."

मी विचारलं, मग कळवलं का नाही?

जेवणाची वेळ झाली होती, त्यांनी मला बसा म्हणून सांगितलं. ठमाबाईने मुलांना सुकडी वाढली. सगळ्यांना एक वाटी, आणि सतरा मुलांना दुसरी. मी पाहत होतो. माझी मुलगी दोन्ही वाट्या तिथेच संपवत होती. तिच्या शेजारी निकेश नावाचा वस्तीतला मुलगा होता, चार वर्षांचा असेल. त्याने पहिली वाटी खाल्ली. दुसरी पितळेच्या डबीत भरली, झाकण लावलं, डबी सदऱ्याच्या आत घातली आणि हात वर ठेवून बसून राहिला. मग मला दिसलं की सगळी वस्तीची मुलं तेच करत होती. कुणाकडे डबी, कुणाकडे प्लॅस्टिकची पिशवी.

"धाकटी भावंडं हायत घरात," गिरजाबाई म्हणाल्या. "पावसात मिठागर बंद. दिवाळीपातूर काम नाय. काटा सरळ केला तर या सतरातली तीन ऱ्हातील तिसरीत. बाकीची कागदावर भरतील. मग दुसरी वाटी बंद."

मी म्हटलं, पण बाई, हे खोटं आहे.

"व्हय," त्या म्हणाल्या, "खोटंच हाय. तुमच्या पोरीचं नाव मी चढवाया नको होतं. ते माझं चुकलं. पन तिचं एकटीचं सोडलं तर बाकीच्यांचं खरं कोन धरील?"

त्यांनी परत खडू उचलला आणि कमळाच्या राहिलेल्या पाकळ्या काढल्या. त्यांना माझ्याशी भांडायचं नव्हतं. अर्ज गेला आहे, हे मी त्यांना सांगितलं होतं. तपासणी आली तर पहिली चौकशी त्यांचीच होणार होती, हे त्यांना माझ्याआधी समजलं होतं.

तपासणीचं पत्र चार दिवसांत आलं. पहिल्या अर्जाला पंधरा दिवस लावणारं कार्यालय या वेळी इतकं तत्पर का झालं ते मला माहीत नाही. हैबतराव म्हणाले, पाच प्रतींचा परिणाम. पुढच्या सोमवारी पथक नवा काटा घेऊन येणार होतं.

मी मालतीला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, आपल्याला काय करायचंय. दोन महिने तिने जे सोसलं होतं त्यानंतर तिला तो हक्क होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कामावर असताना ती शेडमध्ये जाऊन बसली, आणि जेवण संपेपर्यंत बसली. मी संध्याकाळी आलो तेव्हा ती भाजी निवडत होती.

"अर्ज मागे घ्या," ती म्हणाली. "पण माझ्या स्वयंपाकाबद्दल एक शब्द लिहायचा नाही."

अर्ज मागे घेणं हे अर्ज करण्यापेक्षा अवघड असतं. कार्यालयातल्या लेखनिकाने सांगितलं की कारण द्यावं लागेल. मी म्हटलं, गैरसमज झाला. गैरसमज हे कारण पुरत नाही, तो म्हणाला, काट्यात दोष आहे असं तुम्ही लिहिलंय, तर काट्यात दोष नाही असं लिहा. आणि काट्यात दोष नाही म्हणजे वजन बरोबर आहे. आणि वजन बरोबर आहे म्हणजे मूल कुपोषित आहे. आणि सधन घरातलं मूल कुपोषित असेल तर त्याचंही कारण लागेल. हे सगळं प्रतिज्ञापत्रावर, नोटरी करून, सोमवारच्या आत.

मी हैबतरावांकडे गेलो. त्यांनी माझा हा तिसरा कागद पाहिला आणि एकही प्रश्न विचारला नाही. फक्त चष्मा पुसला. मजकूर सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. 'मी, दत्तात्रेय गोविंद टिपणीस, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की, माझी मुलगी कुपोषित असून त्यास सर्वस्वी माझे दुर्लक्ष कारणीभूत आहे. मुलीच्या आईचा यात कोणताही दोष नाही.' मी स्वतःच टाईप केलं. एकही चूक झाली नाही.

नोटरीने मजकूर वाचला, माझ्या पोटाकडे पाहिलं, पुन्हा मजकूर वाचला. शिक्का मारताना त्याने जरा जास्तच जोर लावला असं मला वाटलं.

पथक आलं नाही. गिरजाबाईंनी पुंडलिकला काट्याला हात लावायची बंदी केली. पावसाळा संपला, दिवाळी झाली, खाडीकडे मिठागरांच्या बांधांची डागडुजी सुरू झाली आणि वस्तीतल्या बायका-पुरुष सकाळी अंधारात कामाला जायला लागले. ऋतुजा तिसऱ्या श्रेणीत राहिली, दोन वाट्या खात राहिली. जिन्यात माझ्याशी लोक हळू आवाजात बोलत राहिले. मला त्याची सवय झाली म्हणणार नाही.

जानेवारीत सगळ्या तालुक्याला नवे काटे आले. त्यात कुणाचा अर्ज नव्हता, खरेदी झाली होती म्हणून आले. एका महिन्यात आमच्या अंगणवाडीतली मुलं सरासरी अडीच किलोने वाढली. चौदा मुलं तिसऱ्या श्रेणीतून वर आली, आणि असा निकाल आजवर कुठल्याच अंगणवाडीचा नव्हता. मुख्यसेविका पुन्हा आल्या. त्यांनी कागद चाळले, माझं प्रतिज्ञापत्र त्यांना सापडलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. एका बापाने चूक कबूल केली आणि वस्तीचं चित्र पालटलं, असा अहवाल त्यांनी लिहिला. रोह्याला फेब्रुवारीत पालक मेळावा होता. तिथे मी 'माझे अनुभव' या विषयावर पाच मिनिटं बोलावं, असं पत्र आलं.

मी आजारी पडायचा विचार केला. मालती म्हणाली, गिरजाबाईंचा सत्कार आहे, तुम्ही नाही गेलात तर लोक विचारतील का नाही आला, आणि मग कुणीतरी जुना काटा तपासायला काढील. मी गेलो.

रोह्याचा हॉल भरलेला होता. समोर दोनशे बायका, बहुतेक खाडीकाठच्या नाहीतर डोंगरातल्या वाड्यांवरच्या, मांडीवर मुलं. व्यासपीठावर अध्यक्षांच्या उजव्या हाताला देणगीदार म्हणून आमचे कंपनीचे साहेब. माझं नाव पुकारलं, 'ज्यांनी आपल्या मुलीची उपासमार मान्य केली ते श्री. टिपणीस', आणि साहेबांनी हातातला हार मांडीवर ठेवला.

मी काय बोललो ते नीट आठवत नाही. गिरजाबाईंचं नाव मी सात-आठ वेळा घेतलं असेन. ठमाबाईंचं घेतलं. दुसरी वाटी महत्त्वाची आहे, असं म्हणालो, ती कुठल्याही मुलाची बंद होऊ नये, असंही म्हणालो. मग थोडं थांबलो, आणि ही माझीच मुलगी आहे, लांबची कुणी नाही, असं म्हणालो. हे का सांगतोय ते समोर कुणाला कळलं नाही, पण बायकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनीही वाजवल्या, जरा उशिरा.

कार्यक्रम संपल्यावर मी लवकर निसटायच्या बेतात होतो. दाराशी एका म्हातारीने मला अडवलं. धरमतरकडच्या कुठल्या तरी गावची असावी. नऊवारी नेसलेली, पायात काही नाही. ती नातवंडाला घेऊन आली होती. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि यादीत ऋतुजाचं नाव लागल्यापासून प्रथमच कुणी माझ्या पोटापाशी थांबलं नाही.

"येवड्या मान्सांमदी बोललास," ती म्हणाली. "मला नसतं जमलं, बाबा."

मग तिने ओच्यातून वर्तमानपत्राची एक पुडी काढली आणि माझ्या हातात दाबली. मी नको नको म्हणत होतो. तिने माझ्या मुठीवर तिची मूठ ठेवली आणि ती बंद केली. "पोरीला घाल. पुन्ना सुकू देव नको तिला." एवढं बोलून ती नातवंडाला कडेवर घेऊन एस.टी. स्टँडकडे चालायला लागली.

पुडी मी गाडीत उघडली नाही. घरी मालतीने उघडली. आत सोडे होते. उन्हात घरी सुकवलेली कोलंबी, मूठभर. बाजारात चढे भाव देऊनही असे मिळत नाहीत. मालतीने एक सोडा उचलला, नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरला.

"कुणी दिले?" तिने विचारलं.

मी सांगितलं. तिने पुडीतले सगळे सोडे ताटलीत काढले, पाणी घातलं आणि तांदूळ धुवायला घेतले. त्या दिवशी ऋतुजाने घरचं पहिल्यांदा मागून घेतलं. आम्ही तिघे जेवलो आणि पातेल्यात काही उरलं नाही.